सहा टोप्या

४ फेब्रुवारी

ठमे,

पार्सल मिळालं का ते कळव. ज्या बाईचे झगे मी शिवते, तिचा भाऊ ट्रक घेऊन तुमच्या गोदामावर येत-जात असतो, त्याच्याच हाती पाठवलंय. सहाही टोप्या तू सुतळीने मापून दिलेल्या मापाच्या आहेत. आत कापसाचा दुहेरी थर, वर जाड कापड, तोंडाशी ओढायची नाडी. ‘जाड कर, घट्ट बसू दे’ एवढंच लिहिलं होतंस. कशावर बसवायच्या ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. बरण्यांवर बसव नाहीतर कुणाच्या डोक्यावर बसव, शिवणारणीला काय त्याचं! पैसे पाठवलेस तर परत येतील, आधीच सांगून ठेवते.

फोन मात्र करू नकोस बाई. डावा कान लहानपणीच्या तापात गेला तो गेलाच, उजवा आता मनाला येईल तेव्हा चालतो. फोन स्पीकरवर ठेवला की दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याआधी ऐकतात आणि मग मला समजावून सांगतात. तुझ्या सासूबाईंचं पोट बिघडल्याचं मला त्या झग्यावाल्या बाईने सांगितलं. त्यापेक्षा पत्र बरं. लोक म्हणतात, हिला सोयीचं तेवढं ऐकू येतं. म्हणू देत.

ह्यांचं काय चाललंय? पत्र येतं ते चार ओळींचं, तार केल्यासारखं. सुपरवायझर झालात म्हणून जेवणाची वेळ चुकवू नका म्हणावं. रविवारी तुझ्याकडे जेवतात ना? तू तिथे आहेस म्हणून मला घोर नाही. इथे गल्लीत सगळ्या मला ‘सुपरवायझरीणबाई’ म्हणतात. मी वरवर रागावते. कारखाना बंद पडल्यावर हा माणूस वर्षभर खिडकीशी बसून होता, तेव्हा ह्याच बायका माझ्याकडे कशा बघायच्या ते मी विसरलेली नाही. आता मान ताठ करून रस्त्याने जाते बघ.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

टोप्या मिळाल्या आणि चपखल बसल्या. इथे सगळ्यांनी तुझं इतकं कौतुक केलं की मीच शिवल्यासारखी मिरवून घेतलं.

उत्तराला उशीर झाला, कारण वाकून लिहिता येत नव्हतं. घाबरू नकोस, हातपाय शाबूत आहेत. मानेचं झालंय. मी माझ्या बॅटरीच्या छोट्या गाडीवर बसून खोकी मोजत होते. गाडी उभीच होती. मागून फोर्कलिफ्ट उलटी येत होती, तिने धाडकन धक्का दिला. पडले नाही, साधं खरचटलंही नाही. डोकं पुढे गेलं आणि झटक्यात मागे आलं, बस. मी तर हसले. उरलेलं काम संपवून घरी चालत आले. सकाळी उठायला गेले तर डोकं उशीवरून उचलेना. शेवटी दोन्ही हातांनी केस धरून उचललं.

डॉक्टर म्हणाले, मानेला हिसका बसलाय, आतले स्नायू ताणलेत, वेळ लागेल. थोडे दिवस घालायला मानेचा पट्टा दिला. एक्स-रे काढला तर तो अगदी स्वच्छ, आणि तिथेच माझं नशीब फुटलं. हाड मोडलं असतं तर चार लोकांना दाखवता तरी आलं असतं. सासूबाईंनी ती फिल्म खिडकीशी धरून पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यात तर काहीच नाही. माझी मान तुझं लग्न झाल्यापासून दुखतेय, मी कुणाला सांगत बसले?"

कामावरच्या दोघी बघायला आल्या, तेव्हा मी पट्टा काढून उशीखाली लपवला. का, ते विचारू नकोस. वर उठून त्यांना चहा केला. त्या गेल्यावर खोलीत अंधार करून पडले, डोळ्यांपुढे नुसते काजवे. दिसायला धडधाकट बाई कामावर न जाता घरी बसते, ह्याची इतकी लाज वाटते ताई. लाजेने मान खाली घालावी म्हटलं तर तेवढंही जमत नाही.

फोर्कलिफ्टवर कोण होतं म्हणशील, तर होतं कुणीतरी. मोठं गोदाम आहे, माणसं बरीच आहेत. भाऊजी मजेत आहेत.

ठमी

२६ फेब्रुवारी

ठमे,

‘होतं कुणीतरी’ म्हणजे? त्या कुणीतरीला आईबाप नाहीत, डोळे नाहीत? उभ्या गाडीला मागून येऊन ठोकतो आणि तू हसतेस! तुला लहानपणापासून ही खोड आहे. मी चिमटा काढायचे आणि आईने विचारलं की तू म्हणायचीस, मुंगी चावली.

आता माझं ऐक. कामावर लागलं की भरपाई मागायची असते. ती भीक नाही आणि उपकारही नाहीत. आमच्या लाँड्रीवालीच्या दिराला असाच हिसका बसला होता. तो लाजत बसला आणि मुदत गेली. आता कूस बदलायची तर बायकोला हाक मारतो, आणि बायको सगळ्या गल्लीला सांगते. तुझ्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. तुझा नवरा गेला तेव्हा त्याच्या कंपनीने दोन शब्द आणि एक हार पाठवला होता, आठवतंय ना? तेव्हाही तू काही मागितलं नाहीस.

सासूबाईंना म्हणावं, एवढी दुखते तर तुम्हीही दाखवा. आणि पट्टा लपवायचा नाही! तो काय चोरून आणलायस?

आणि हे कशाला आहेत तिथे? सुपरवायझर माणूस आहे, सख्खा मेहुणा आहे. त्यांना सांग, तो आंधळा ड्रायव्हर शोधून काढा आणि आधी हाकला. इथून मला एवढं दिसतं, त्यांना तिथे बसून दिसत नाही?

ताई

१ मार्च

ठमाबाई,

समोर येऊन बोलायचा धीर नाही, म्हणून औषधांबरोबर ही चिठ्ठी ठेवून जातो आहे. तुमच्या सासूबाईंना वाचायला चष्मा लागतो आणि तो त्यांना सापडत नाही, हे मला माहीत आहे.

मी मागे वळून बघितलं होतं. खोक्यांच्या थप्पीआड तुमची गाडी दिसली नाही. हे मी स्वतःला रोज सांगतो आणि रोज ते कमी पटतं.

तुम्ही भरपाई मागा, तो तुमचा हक्क आहे, माझं नाव आलं तर येऊ द्या, असं मी लिहिलं होतं. लिहून झाल्यावर कागद फाडला. खोटं कशाला बोलू! मी अजून कायम झालेलो नाही. नाव आलं तर घरी पाठवतील, आणि घरी तुमची ताई मला सुपरवायझर समजून बसली आहे. त्या खिडकीशी परत जाऊन बसायची माझ्यात ताकद नाही.

जमलं तर नाव घेऊ नका. नाही जमलं तर माझी तक्रार नाही. तुम्हाला लिहितानासुद्धा लाज वाटते आहे.

रविवारी जेवायला येत नाही.

भाऊजी

१२ मार्च

ताई,

तुझ्या धाकाने अर्ज केला, आणि तो नामंजूर झाला. आता रागावून घे.

युनियनच्या बाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "चूक कुणाची, ह्यात पडायचंच नाही. कामावर असताना कामामुळे लागलं, एवढं पुरे. फक्त जसं घडलं तसं सांगा." तेवढंच मला जमलं नाही. धक्क्याचं लिहिलं की कुणी दिला ते आलंच. मी सांगितलं, मीच माझा ब्रेक जोरात दाबला आणि हिसका बसला.

विम्याचा माणूस आला. त्याने माझी गाडी पाहिली, चालवूनही पाहिली. मग माझ्याशेजारी खुर्ची ओढून हळूच म्हणाला, "बाई, ही गाडी माणसाच्या चालीने चालते. तिच्या ब्रेकने मानेचं असं होत नाही. तुम्हाला काही वेगळं सांगायचंय का?" मी नाही म्हटलं. तो हसला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त टोपण लावून पेन खिशात ठेवलं. गेल्यावर मला कळलं की आता मी त्याच्या लेखी खोटारडी, आणि दुखणंही खोटं.

मध्ये एक दिवस पट्टा न घालता कामावर गेले. दुपारपर्यंत गरगरायला लागलं, बाथरूममध्ये उलटी झाली. मला घरी पाठवलं. पगार बंद आहे. महिनाअखेरपर्यंत फेरविचार मागता येतो, त्यानंतर दार बंद. युनियनच्या बाई रोज निरोप पाठवतात, मी झोपले आहे म्हणून सांगायला लावते. सासूबाई इतक्या आनंदाने खोटं बोलतात की मला नवल वाटतं.

कुणाला अडकवायची इच्छा नाही गं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तू ह्यात आणखी शिरू नकोस, पाया पडते.

ठमी

१८ मार्च

ठमे,

कसले आपले दात? कंपनी कधीपासून आपली झाली? दात त्यांचे आणि ओठ तुझे, ते चावतायत आणि तू रक्त पुसतेयस! तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची एवढी हौस कुणाला असेल असं वाटलं नव्हतं. कुठल्यातरी आंधळ्यासाठी तू स्वतःला खोटारडी ठरवून घेतलंस, आणि वर मला सांगतेस, शिरू नकोस. मी शिरले आहे.

ह्यांच्या खोलीवर दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. म्हणून आज सरळ कंपनीच्या पत्त्यावर टाकलं. पाकिटावर ठसठशीत अक्षरात लिहिलंय, ‘स्टोअर सुपरवायझर यांस’. म्हणजे शिपाई नेऊन त्यांच्या टेबलावरच ठेवील, सबब सांगायला जागा नाही. आत काय लिहिलं ते तुला सांगत नाही, पण वाचून त्यांची झोप उडेल. बायकोचं ऐकत नसतील तर नसोत, पण हुद्द्याला तरी जागा म्हटलं.

तू फक्त मान जप. बाकी मी बघते.

ताई

२९ मार्च

ताई,

हे पत्र दुकान बंद करून वाच. कुणी माप द्यायला आलं असेल तर आधी तिला वाटेला लाव.

तुझं पत्र स्टोअर सुपरवायझरच्याच हातात पोचलं. त्या एक बाई आहेत, तिशीच्या, चष्मा लावतात, आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणतो. त्यांनी मला घरून बोलावून घेतलं. गेले तर भाऊजी आधीच उभे होते, आणि टेबलावर तुझं अक्षर. मॅडम म्हणाल्या, "ह्याची सुरुवात ‘अहो’ अशी आहे. माझं लग्न झालेलं नाही, आणि झालं तरी मला कुणी अहो म्हणेल असं वाटत नाही. हे कुणाचं आहे?"

एरवी मी पोट धरून हसले असते. भाऊजी म्हणाले, "माझं." त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. पुटपुटत वाचत होते म्हणून मला कळलं, तू काय लिहिलंस ते. तो आंधळा कोण त्याला धरा, तुमच्या हाताखालचा असेल तर आधी त्याच्या कानाखाली आवाज काढा, मग माझ्या बहिणीला तोंड दाखवा. तिथे ते थांबले, परत पहिल्यापासून वाचलं. मग नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि बाहेर गेले. मला वाटलं, गेले, आता येत नाहीत.

ताई, फोर्कलिफ्ट भाऊजी चालवत होते. ते सुपरवायझर नाहीत, कधीच नव्हते. आल्या दिवसापासून ड्रायव्हर आहेत. मला माहीत होतं आणि मी तुला कळू दिलं नाही.

ते परत आले तेव्हा हातात तुझी टोपी होती. ती टेबलावर ठेवून म्हणाले, "गाडी मी मागे घेतली. भोंग्यावर ही होती."

आता टोप्यांचं सांगते. फोर्कलिफ्ट उलटी यायला लागली की तिचा भोंगा आपोआप वाजतो, लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. आमच्याकडे तशा सहा गाड्या आहेत. पत्र्याच्या छपराखाली सहा भोंगे दिवसभर केकाटत असतात. घरी गेलं तरी डोक्यात वाजत राहतात, सासूबाई काही बोलल्या तरी भोंगाच ऐकू येतो. आधी आम्ही चिंध्या कोंबायचो, त्या गळून पडायच्या. तेव्हा मीच पुढे झाले. म्हटलं, माझी ताई शिवते, ती अशा टोप्या देईल की भोंगे तोंड उघडणार नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींच्या गाडीवरची टोपी मी माझ्या हाताने बसवली, नाडीला दुहेरी गाठ मारून. त्या दिवशी भोंगा वाजत होता ताई. तो ऐकू येऊ नये अशी सोय मीच करून ठेवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुला वाटेल, मी भाऊजींना वाचवायला खोटं लिहिलं. थोडं ते होतं. पण त्याहून जास्त, टोपीचं नाव निघू नये म्हणून लिहिलं. स्वतःच्या हाताने झालेल्या गोष्टीची भरपाई कोणत्या तोंडाने मागायची?

मॅडमनी ती टोपी उलटी करून आतली शिवण पाहिली. म्हणाल्या, "कुणी शिवली? काम फार सुबक आहे." टोचून नाही गं, मनापासून म्हणाल्या. मी म्हटलं, "माझ्या ताईने." तेवढं बोलताना मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. मग मॅडमनी टोपी खाली ठेवली. म्हणाल्या, "गोदाम एकदम शांत झालं होतं. मलाही बरं वाटत होतं. म्हणून मी चौकशी केली नाही."



मुदत संपायच्या आत मी जसं घडलं तसं सांगितलं, टोपीसकट. भाऊजींनी आपली साक्ष दिली, मॅडमनी आपली. युनियनच्या बाई म्हणाल्या, "टोपी घालून का होईना, लागलं कामावरच ना? हे पहिल्यांदाच सांगितलं असतंत तर एवढं झालं नसतं." त्या बोलत होत्या आणि मला तुझा चेहरा दिसत होता.

माझ्यावर रागव, पण लिही.

ठमी

३१ मार्च

अगं,

ठमाबाईंनी लिहिलं आहेच. त्यातलं सगळं खरं आहे.

मी तुला ‘स्टोअरमध्ये लागलो’ एवढंच कळवलं होतं. तुझं उत्तर आलं त्यात तू सुपरवायझर लिहिलं होतंस, आणि गल्लीला चहा पाजल्याचंही. ते खोडायला हवं होतं, एका ओळीचं काम होतं. पण मला तसं कुणी बऱ्याच दिवसांत म्हटलं नव्हतं. म्हटलं झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे. मग दर पत्रात ते मोडणं जास्त कठीण होत गेलं, म्हणून पत्रंच आखूड लिहायला लागलो.

मला घरी पाठवलेलं नाही. गाडी काढून घेतली. आता खोकी बांधतो आणि चिकटपट्टी लावतो. पगार उतरला आहे. माझी टोपी मी सोडून आणली, बाकीच्यांनी आपापल्या काढल्या. त्यांतले दोघं माझ्याशी बोलत नाहीत.

तू आंधळा म्हणालीस ते बरोबर आहे. कानाखाली आवाज काढायला कुणी पुढे आलं नाही, ते तू आल्यावर कर.

सुट्टीत घरी येऊ का, एवढं कळव. नको म्हणालीस तर इथेच थांबेन.

मी

६ मे

ताई,

महिना उलटून गेला, तुझी ओळ नाही. मधल्या काळात मी तुला तीनदा लिहायला बसले आणि उठले. आता कारण आहे म्हणून लिहिते.

भरपाई मंजूर झाली. औषधपाणी, व्यायामाचा खर्च, आणि बरी होईपर्यंत अर्धा पगार. पूर्ण बरी होईन की नाही ते कुणी छातीठोक सांगत नाही. पैसे घ्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने सही कुठे करायची ते दाखवलं. मला मान वाकवता येईना, तर त्याने कागद उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. चांगला माणूस. माझ्या मागे मोठी रांग होती आणि सगळे बघत होते. हक्काचे पैसे चोरीचा माल असल्यासारखे पदराआड घेऊन घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "मिळाले ना? मग आता माझ्याही मानेचं कुठे सांगून बघ."

मॅडमची बढती अडकली. तरी त्यांनी माझ्या मानेची आपुलकीने चौकशी केली, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. गोदामात भोंगे परत केकाटतात. एकजण म्हणालीच, "तुझी मान गेली आणि आमचं डोकं." तिचंही चूक नाही.

भाऊजी परत रविवारी यायला लागलेत. पत्र आलं का, असं विचारत नाहीत. आल्याबरोबर दाराशी अडकवलेल्या पत्रांच्या पिशवीकडे बघतात आणि मग चपला काढतात.

व्यायामाच्या बाईंनी पट्टा पूर्ण सोडायला लावलाय. झोपताना मानेखाली घ्यायला एक छोटा लोड हवा म्हणतात, मनगटाएवढा जाड, आत कापूस घट्ट भरलेला. बाजारातले मोठे पडतात. तुला सांगू की नको ते मला कळत नव्हतं. सांगितलं.

ठमी

२० मे

ठमे,

तुझं पत्र मिळालं. मार्चमधली दोन्हीही मिळाली होती, तुझं आणि ह्यांचं. मी दुकान बंद करून वाचली, तू सांगितलंस तशी. त्यानंतर दोन दिवस उघडलंच नाही.

पहिल्यांदा मला नुसता राग आला, ते खोटं कशाला सांगू. तुझा, ह्यांचा, त्या चष्मेवाल्या बाईचा, जिने माझं पत्र वाचलं. मग मी माझं सगळं आठवत बसले. ‘मोठ्या हुद्द्यावर गेले’ हे ह्यांनी लिहिलं नव्हतं. पत्र कपाटात होतं, काढून बघितलं. ‘स्टोअरमध्ये लागलो’ एवढंच आहे. बाकीचं मी जोडलं, झालर लावतात तसं. आणि टोप्या. तू नुसतं ‘जाड कर’ म्हणाली होतीस, एका थरानेही भागलं असतं, मी दुहेरी घातला. मला मिरवायचं होतं ना. मला वाटलं, आवाज नसला म्हणजे सुखच. मी तशीच जगते, म्हणून मला वाटलं. कशाला हव्यात, एवढं विचारायला किती लागलं असतं? आणि ज्याला मी आंधळा, आंधळा म्हणून महिनाभर शिव्या घातल्या, तो माझ्याच कुंकवाचा धनी! ती पत्रं परत मागवायची सोय असती तर मी पायी आले असते.

लोडाचं कापड कापून ठेवलंय. कापूस त्याच गठ्ठ्यातला आहे. गेले तीन दिवस ते पुढ्यात घेऊन बसते आणि उठते, हात चालत नाही. शिवीन, पण आधी त्या व्यायामाच्या बाईंना नीट विचारून मला लिही. किती जाड, किती लांब, त्याने काही अपाय तर होणार नाही ना. तू आपल्या मनाने सांगू नकोस. मी आता विचारल्याशिवाय काही शिवत नाही. गिऱ्हाइकं वैतागलीत, पडदा शिवून घ्यायला आलेल्या बाईला मी विचारलं, कोणत्या खिडकीला?

ह्यांना वेगळं लिहायला घेतलं, ‘अहो’ लिहिलं की पुढे काही सुचत नाही. तूच सांग. म्हणावं, या. खिडकीशी बसा नाहीतर दाराशी बसा, पण या. कानाखाली काही काढणार नाही म्हणावं, माझा हातच उचलत नाही.

काल ती झग्यावाली बाई आली. दुकानात आणखी दोघी होत्या. ही म्हणाली, "काय सुपरवायझरीणबाई, साहेब कधी येणार?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढल्या आणि म्हटलं, "साहेब नाहीत ते. खोकी बांधतात. आधी गाडी चालवायचे. सुपरवायझर कधीच नव्हते, मीच सांगत सुटले होते." मला वाटलं, बोलले की मोकळी होईन. दोघी झग्यांकडे बघायला लागल्या.

ती बाई जवळ आली. माझ्या उजव्या कानाशी वाकली. अगदी मायेने म्हणाली, "अगं, माहीत होतं आम्हाला. माझ्या भावाने पहिल्या खेपेलाच सांगितलं होतं, तुझा नवरा त्याच्या ट्रकमध्ये माल चढवून देतो. सुपरवायझरीण म्हटलं की तुझा चेहरा असा फुलायचा, म्हणून म्हणायचो गं सगळ्या."

मी मशीन सुरू केलं आणि ऐकू न आल्यासारखं दाखवलं. ठमे, शब्द न् शब्द ऐकू आला होता.

ताई